परिणाम किती, आणि कशाच्या तुलनेत?

(उपयोजित मानसशास्त्रातील निष्कर्षांचे वाचन या विषयावरील व्याख्यान)



कोणतीही योजना काही काळ राबविली की तिच्यासमोर एक प्रश्न अटळपणे उभा राहतो : तिचा उपयोग किती झाला? विहीर खोदली असेल तर पाण्याची पातळी मोजता येते. रस्ता बांधला असेल तर त्याची लांबी सांगता येते. परंतु अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळे वर्ग घेतले, अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण दिले किंवा व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन सुरू केले, तर घडणारा बदल माणसाच्या कौशल्यात, वृत्तीत आणि वर्तनात असतो. त्याला गज लावता येत नाही. हा बदल मोजण्याचे काम उपयोजित मानसशास्त्र करते आणि आपला निष्कर्ष पुष्कळदा एका लहानशा दशांश अपूर्णांकात मांडते : ०.१४, ०.२८, ०.४७.

या अपूर्णांकावर पुढे बरेच काही अवलंबून असते. अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘परिणाम अल्प’ असे दोन शब्द आढळले की चांगली चाललेली योजना बंद पडू शकते. त्याच जागी ‘परिणाम मोठा’ असे शब्द आले की एखादी महागडी योजना घाईने संपूर्ण जिल्ह्याला लागू होऊ शकते. दोन्ही प्रसंगी चुकीची किंमत ज्यांच्यासाठी योजना आखली त्या मुलांना आणि माणसांना मोजावी लागते. म्हणून या आकड्याचा अर्थ लावण्याची रीत संशोधकांइतकीच निर्णय घेणाऱ्यांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत विवेचनात ती रीत मुख्यतः एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे मांडली आहे. ते उदाहरण मुंबई आणि वडोदरा येथील प्राथमिक शाळांचे आहे.

फरक आहे काय, आणि केवढा आहे?

संशोधनाच्या अहवालात दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे असतात आणि ती एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. पहिला प्रश्न असा की, योजनेचा लाभ घेतलेला गट आणि न घेतलेला गट यांतील फरक केवळ योगायोगाने पडला असेल काय? तसे घडणे फारसे संभवनीय नसेल तर संशोधक फरकाला ‘सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ’ म्हणतात. दुसरा प्रश्न फरकाच्या आकाराचा आहे. फरक आहे हे मान्य, परंतु तो केवढा? या आकाराला इंग्रजीत ‘इफेक्ट साइझ’ म्हणतात. मराठीत त्यास परिणाममान म्हणता येईल.

‘सार्थ’ हा शब्द व्यवहारातील अर्थाने घेतला की गैरसमज होतो. समजा, १०० गुणांच्या एका चाचणीत ५०,००० मुलांना नवी पाठ्यपुस्तिका दिली, दुसऱ्या ५०,००० मुलांना दिली नाही, आणि दोन्ही गटांच्या सरासरीत केवळ अर्ध्या गुणाचा फरक आढळला. गुणांचा पसारा नेहमीसारखा असेल, तर मुलांची संख्या प्रचंड असल्यामुळे हा अर्धा गुणही ‘सार्थ’ ठरेल. याउलट एखाद्या शाळेत १५ मुलांच्या दोन गटांत तब्बल ८ गुणांचा फरक पडला, तरी संख्या लहान असल्यामुळे तो ‘सार्थ’ ठरणार नाही. पहिल्या ठिकाणी फरक खात्रीचा परंतु नगण्य आहे. दुसऱ्या ठिकाणी तो मोठा दिसतो, पण त्याची खात्री नाही. ‘निष्कर्ष सार्थ आढळला’ एवढ्या वाक्यावर योजना मंजूर करणे किंवा ‘सार्थ आढळला नाही’ म्हणून ती रद्द करणे, हे दोन्ही अर्धवट वाचन होय.

दशांशाची घडण

परिणाममान काढण्याची एक प्रचलित पद्धत सोपी आहे. दोन गटांच्या सरासरीतील फरक घ्यावा आणि त्याला गुणांच्या प्रमाण विचलनाने भागावे. प्रमाण विचलन म्हणजे सर्वांचे गुण सरासरीच्या आसपास किती पसरलेले आहेत याचे माप. एका शाळेतील मुलांचे गुण १० पासून ९० पर्यंत विखुरलेले असतील तर विचलन मोठे असते. सर्वांचे गुण ४० ते ६० यांच्या दरम्यान असतील तर ते लहान असते.

समजा, जादा वर्गांमुळे सरासरी ४० वरून ४४ वर गेली. फरक ४ गुणांचा झाला. विचलन २० असेल तर परिणाममान ०.२० येते. विचलन ८ असेल तर तेच परिणाममान ०.५० होते. मुलांना मिळालेले जादा गुण दोन्हीकडे तेवढेच आहेत. बदलला तो केवळ भाजक. ज्या प्रयोगात मुद्दाम एकसारख्या पातळीची मुले निवडली जातात, तेथे विचलन आपोआप लहान होते आणि परिणाममान फुगते. म्हणून दोन अहवालांतील आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ती मुले कोण होती आणि ती कशी निवडली होती, हे पाहणे आवश्यक ठरते.

हा भागाकार करण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. एका अभ्यासात चाचणी ५० गुणांची असते, दुसऱ्यात २०० गुणांची, तिसऱ्यात प्रश्नावलीतील उत्तरांची बेरीज असते. सर्वांना एका मापात आणल्याखेरीज त्यांची तुलना होत नाही. शेर, पायली आणि किलो यांचे हिशोब एकत्र करण्यापूर्वी एकच माप ठरवावे लागते, तसाच हा प्रकार आहे. परंतु माप एक झाले म्हणून माल एक होत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

कोहेन यांचे तीन शब्द

या आकड्यांना लहान, मध्यम आणि मोठा अशी नावे देण्याची प्रथा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्यापासून रूढ झाली. न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या कोहेन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ०.२ ला लहान, ०.५ ला मध्यम आणि ०.८ ला मोठा परिणाम मानावे असे सुचविले. कल्पना यावी म्हणून त्यांनी मुलींच्या उंचीचा दाखला दिला. १५ आणि १६ वर्षांच्या मुलींच्या सरासरी उंचीतील फरक सुमारे ०.२ एवढा असतो. तो सहजासहजी डोळ्यांना जाणवत नाही. १४ आणि १८ वर्षांच्या मुलींतील फरक ०.५ च्या आसपास असतो आणि लक्षपूर्वक पाहणाऱ्याला तो दिसतो. १३ आणि १८ वर्षांच्या मुलींतील फरक ०.८ च्या घरात जातो.

कोहेन यांनी या नावांबरोबर एक इशाराही दिला होता. लहान-मोठेपण हे विषयावर आणि संशोधनाच्या पद्धतीवर अवलंबून असते, आणि तुलनेसाठी दुसरा चांगला आधार उपलब्ध नसेल तेव्हाच या आकड्यांचा आश्रय घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे घडले ते असे की, तीन आकडे पाठ झाले आणि इशारा मागे राहिला. जगभरच्या अहवालांतून ०.२ च्या आसपासचा कोणताही परिणाम ‘लहान’ या एका शब्दात निकालात निघू लागला.

मुंबई-वडोदऱ्याचा दाखला

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळणे योग्य होईल. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने प्राथमिक शाळांसाठी ‘बालसखी’ हा कार्यक्रम चालविला. तिसरी-चौथीत पोहोचूनही ज्यांना प्राथमिक वाचन आणि अंकज्ञान आलेले नाही, अशी मुले वर्गातून निवडली जात. त्यांचा १५ ते २० जणांचा गट करून वस्तीतीलच माध्यमिक शिक्षण झालेली एक तरुणी दररोज सुमारे दोन तास त्यांना शिकवी. गरज किती तीव्र होती हे वडोदऱ्याच्या एका आकड्यावरून दिसते. तेथील तिसरीच्या मुलांपैकी पहिलीच्या गणितावरील प्रश्नांची उत्तरे बरोबर देऊ शकणारी मुले सुमारे २० टक्केच होती.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात दोन्ही शहरांत या कार्यक्रमाची पाहणी केली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यांतील बॅनर्जी आणि डुफ्लो हे २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. अभ्यासक अर्थशास्त्राचे असले तरी त्यांनी वापरलेली मोजपट्टी मानसशास्त्रातीलच होती. बालसखी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला द्यावी, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविण्यात आले. त्यामुळे एका शाळेतील तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेतील, बालसखी नसलेल्या तिसरीशी निःपक्षपातीपणे करता आली आणि कोणतीही शाळा या लाभापासून पूर्णतः वंचित राहिली नाही.

निष्कर्ष असा निघाला : पहिल्या वर्षी परिणाममान ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८. कोहेन यांचे शब्द जसेच्या तसे लावले तर पहिला आकडा ‘लहान’ या पायरीपर्यंतही पोहोचत नाही आणि दुसरा ती जेमतेम ओलांडतो. केवळ या शब्दांवर विसंबून निर्णय घेतला असता तर कार्यक्रम गुंडाळला जाणे अशक्य नव्हते. म्हणून तोच आकडा निरनिराळ्या प्रश्नांच्या उजेडात पाहणे उपयुक्त ठरेल.

मधला मुलगा कुठे गेला?

पहिला उजेड साध्या भाषेचा. १०० मुले गुणांच्या क्रमाने एका रांगेत उभी आहेत अशी कल्पना करावी. गुणांची वाटणी नेहमीच्या स्वरूपाची असेल तर ०.२८ चा अर्थ असा होतो की, रांगेच्या मध्यभागी, म्हणजे ५० व्या स्थानाजवळ उभा असलेला मुलगा ६१ व्या स्थानाजवळ सरकतो. दहा-अकरा मुलांना तो मागे टाकतो. ०.१४ चा अर्थ मधला मुलगा ५५ व्या किंवा ५६ व्या स्थानाजवळ जातो. शिक्षकांपुढे किंवा ग्रामसभेपुढे अहवाल मांडताना दशांशाऐवजी अशी भाषा वापरली तर बदलाचे खरे माप ध्यानात येते.

दुसरा प्रश्न असा की, हा लाभ कोणाच्या वाट्याला आला? ०.२८ ही संपूर्ण इयत्तेची सरासरी होती. लाभाचा मोठा भाग रांगेच्या शेवटी असलेल्या मुलांना मिळाला होता. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आखला त्यांनाच तो पोहोचला होता आणि सरासरीमुळे त्यांचा मोठा लाभ इतरांत वाटला जाऊन लहान दिसत होता. सरासरी ही अशी सर्वांवर सारखी पसरते. जेव्हा योजना गावातील काही निवडक कुटुंबांसाठी असते, तेव्हा संपूर्ण गावाच्या सरासरीवरून तिची परीक्षा करणे अन्यायाचे होते.

किती खर्चात?

तिसरा प्रश्न खर्चाचा. त्याच अभ्यासात वडोदरा येथे संगणकाच्या साहाय्याने गणित शिकविण्याचा दुसरा कार्यक्रमही पारखला गेला. त्याचे गणितातील परिणाममान पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ आले. केवळ दशांश पाहणाऱ्याला संगणकाचा कार्यक्रम बालसखीपेक्षा सरस वाटेल. परंतु त्या काळच्या किमतींनुसार बालसखीसाठी प्रत्येक मुलामागे वर्षाला सुमारे १०७ रुपये खर्च येत होता, तर संगणकाच्या कार्यक्रमासाठी सुमारे ७२२ रुपये. एका मुलाला संगणकावर शिकविण्याच्या खर्चात सहा मुलांना बालसखी मिळू शकत होती आणि वर काही रक्कम शिल्लक राहत होती. ज्या पंचायतीची तिजोरी मर्यादित आहे तिच्यासाठी योग्य प्रश्न ‘कोणता आकडा मोठा’ हा नसून ‘उपलब्ध रकमेत किती मुले किती पुढे जातील’ हा आहे.

किती काळ टिकले?

चौथा प्रश्न टिकाऊपणाचा, आणि येथे प्रामाणिक हिशोब मांडणे आवश्यक आहे. कार्यक्रम संपल्यानंतर एक वर्षाने पुन्हा मोजणी केली तेव्हा, ज्या मुलांसाठी हे कार्यक्रम होते त्यांच्या बाबतीत लाभ शिल्लक होता, परंतु तो सुमारे ०.१० पर्यंत उतरला होता. या आकड्याचे दोन अर्थ संभवतात. एक असा की, लाभ झपाट्याने ओसरतो, म्हणून खर्च व्यर्थ. दुसरा असा की, आधार काढून घेतला की मूल पुन्हा मागे पडू लागते, म्हणून आधार काही वर्षे सलग हवा. केवळ परिणाममानावरून या दोहोंतील निवड करता येत नाही. ती करण्यासाठी शाळेत पुढे काय घडले, मुलांना कोणत्या पातळीवरून शिकविले गेले, हे पाहावे लागते. योजना संपल्याच्या आठवड्यात काढलेला आकडा आणि वर्षानंतर काढलेला आकडा, हे दोन्ही मागण्याचा अधिकार निर्णय घेणाऱ्यांना आहे. तो त्यांनी वापरला पाहिजे.

तुलनेचा योग्य आधार

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हे ‘लहान’ किंवा ‘मोठे’ कशाच्या तुलनेत? अमेरिकेतील कॅरोलिन हिल, हॉवर्ड ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात एक साधी कसोटी पुढे ठेवली : कोणतीही विशेष योजना नसताना मुले एका वर्षात किती पुढे जातात? तेथील राष्ट्रीय पातळीवरील वाचनाच्या चाचण्यांनुसार पहिलीतून दुसरीत जाताना ही वाढ ०.९७ एवढी असते. पाचवीतून सहावीत जाताना ती ०.३२ असते आणि अकरावीतून बारावीत जाताना अवघी ०.०६. त्यामुळे ०.१० ची भर दुसरीच्या मुलाच्या बाबतीत वर्षाच्या वाढीचा जेमतेम दहावा हिस्सा ठरते, तर बारावीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तीच भर संपूर्ण वर्षाच्या वाढीहून अधिक होते. आकडा तोच असला तरी वय बदलताच त्याचे वजन बदलते. हे आकडे अमेरिकेतील चाचण्यांचे आहेत आणि ते येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. घेण्याजोगी आहे ती कसोटी.

दुसरी तुलना अन्य योजनांशी करता येते. ब्राउन विद्यापीठातील मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये, गट यदृच्छेने पाडून केलेल्या ७४७ शैक्षणिक प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. प्रमाणित चाचण्यांवरील परिणाममानाचा मध्यक निघाला ०.१० एवढाच. या आधारे त्यांनी अशा प्रयोगांसाठी वेगळी मोजपट्टी सुचविली : ०.०५ हून कमी तो लहान परिणाम, ०.०५ ते ०.२० च्या आत मध्यम, आणि ०.२० पासून पुढे मोठा. खर्च आणि मोठ्या प्रमाणावर राबविण्याची शक्यता यांचाही विचार त्यांनी त्याबरोबर करावयास सांगितला आहे. या मोजपट्टीवर बालसखीचे ०.२८ ‘मोठा परिणाम’ या सदरात बसते. जो आकडा एका पट्टीवर क्षुल्लक वाटत होता, तोच योग्य पट्टीवर लक्षणीय ठरतो. शिक्षण हे मुळातच कष्टाने आणि सावकाश पुढे सरकणारे काम आहे. तेथे प्रयोगशाळेतील झटपट फरकांची अपेक्षा धरणे रास्त नव्हे.

अल्प आकडा आणि मोठी लोकसंख्या

लहान परिणामाचे मोल कधी कधी लोकसंख्येमुळे वाढते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी हा मुद्दा पटविण्यासाठी वैद्यकातील एका अभ्यासाचा आधार घेतला. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांपैकी ११,०३७ जणांना एक दिवसाआड ॲस्पिरिन आणि ११,०३४ जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. जानेवारी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १०४ जणांना आणि दुसऱ्या गटात १८९ जणांना हृदयविकाराचा झटका आला होता. गोळी आणि झटका यांतील सहसंबंध गुणांक, जो शून्य असता तर काहीच संबंध नाही असे ठरले असते, तो अवघा ०.०३४ होता. दर हजारी भाषेत मात्र चित्र वेगळे दिसते. सुमारे पाच वर्षांत हजार माणसांमागे १७ ऐवजी ९ झटके. आकडा शून्याच्या इतका निकट असूनही लाभ एवढा स्पष्ट होता की, ॲस्पिरिनचा तो प्रयोग वेळेआधीच थांबविण्यात आला.

या कथेचा उत्तरार्धही सांगणे भाग आहे. पुढील संशोधनात निरोगी माणसांच्या बाबतीत ॲस्पिरिनमुळे होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका ठळक झाला आणि २०१८ नंतर, हृदयविकार नसलेल्यांनी सरसकट ॲस्पिरिन घेऊ नये अशा शिफारशी पुढे आल्या. लाभाचे परिणाममान पाहताना हानीचेही परिणाममान पाहावे लागते, हा त्याचा बोध. जादा वर्गामुळे वाचन सुधारले, पण मुलांचा खेळाचा तास गेला असेल, तर तोही जमाखर्चात धरला पाहिजे.

मोठ्या आकड्यापासून सावधानता

आतापर्यंतचे विवेचन लहान आकड्याच्या बाजूचे झाले. मोठ्या आकड्याची परीक्षा त्याहून कठोरपणे करावी लागते. वर उल्लेखिलेल्या १५-१५ मुलांच्या प्रयोगाचा विचार करावा. तेथे ८ गुणांचा फरक, विचलन २० धरल्यास, ०.४० एवढा होतो. परंतु संख्या लहान असल्यामुळे खरा परिणाम उणे ०.३ पासून अधिक १.१ पर्यंत कुठेही असू शकतो. इतक्या लहान प्रयोगात ‘सार्थ’ ठरण्यासाठी परिणाममान सुमारे ०.७५ असावे लागते. त्यामुळे लहान प्रयोगांपैकी जे यशस्वी म्हणून पुढे येतात, त्यांचे आकडे बहुधा फुगलेले असतात. अपयशी ठरलेले अहवाल फडताळातच पडून राहतात आणि प्रसिद्ध वाङ्मयात केवळ यशाच्या कथा उरतात.

याचा पडताळा २०१५ मध्ये मिळाला. मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास अनेक संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थ होते, तर पुनरावृत्तीत केवळ ३६ टक्के सार्थ आढळले. सहसंबंधाच्या मापात सरासरी परिणाममान ०.४० वरून ०.२० पर्यंत, म्हणजे निम्म्यावर आले. शासकीय कारभाराशी निकटचे उदाहरण २०२२ मधील आहे. पत्राची भाषा किंवा अर्जाची मांडणी बदलून नागरिकांचे वर्तन सौम्यपणे वळविण्याच्या प्रयोगांची तुलना स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी केली. विद्वत्पत्रिकांत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सरासरी वाढ ८.७ टक्के-बिंदूंची होती. अमेरिकेतील दोन संस्थांनी २ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांवर केलेल्या १२६ प्रयोगांत ती १.४ टक्के-बिंदू निघाली. या तफावतीचा बराचसा भाग निवडक प्रसिद्धीमुळे पडलेला दिसून आला. उपाय निरुपयोगी नव्हते. त्यांच्याबद्दलची अपेक्षा मात्र अवास्तव होती.

मोठा आकडा आणखी एका मार्गाने येतो. शिकविलेले प्रश्नच चाचणीत विचारले तर परिणाममान सहज वाढते. म्हणून चाचणी कोणी तयार केली, योजना राबविणाऱ्यांनीच की त्रयस्थाने, हे विचारणे अनुचित मानू नये.

अहवाल हाती आल्यावर

महाराष्ट्रात ग्रामीण भागातील बहुसंख्य शासकीय प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आहेत आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्यांतून पालकांनाही या कारभारात स्थान दिले आहे. तेव्हा अहवालाचे वाचन ही केवळ तज्ज्ञांची बाब राहिलेली नाही. त्यासाठी सांख्यिकीची पदवी लागत नाही. काही प्रश्न मात्र निर्धाराने विचारावे लागतात. तुलनेचा गट होता काय, आणि तो कसा निवडला? मुले किती होती आणि ती कोणत्या पातळीची होती? आकड्याची खालची व वरची मर्यादा कोणती? चाचणी कोणाची होती? लाभ कोणत्या मुलांना झाला? प्रत्येक मुलामागे खर्च किती आला? एक वर्षाने काय उरले? आणि कोणाचे काही नुकसान झाले काय? ज्या अहवालात या प्रश्नांची उत्तरे नसतील तो परत पाठवून माहिती मागविणे, हे त्यावर सही करण्यापेक्षा अधिक जबाबदारीचे काम होय.

अहवाल लिहिणाऱ्यांवरही तेवढीच जबाबदारी येते. ‘परिणाम अल्प’ किंवा ‘परिणाम मोठा’ असा शेरा मारण्यापूर्वी तुलनेचा आधार स्पष्ट लिहावा. दशांशाच्या शेजारी साध्या भाषेतील अर्थही द्यावा : शंभरांतील मधले मूल कोणत्या स्थानावर गेले, किंवा वर्षारंभी परिच्छेद वाचू न शकणाऱ्या मुलांपैकी किती जण वर्षाअखेर तो वाचू लागले.

मानसशास्त्राने दिलेले परिणाममान हे एक उपयुक्त माप आहे, परंतु काय करावे याचा निवाडा ते देत नाही. तो निवाडा ०.२८ या आकड्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलांकडे पाहून, खर्चाचा आणि काळाचा हिशोब मांडून, सभागृहात बसलेल्या माणसांनीच करावयाचा असतो. तिसरीत बसून पहिलीचे गणित न येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने वर्षाला १०७ रुपयांत मिळालेली रांगेतील ती दहा-अकरा पावले लहान आहेत की मोठी, याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात छापलेले नाही. ते देण्याचे काम निवडून आलेल्या सदस्यांचे, शाळेतील शिक्षकांचे आणि मंजुरीची सही करणाऱ्या अधिकाऱ्यांचे आहे.